आपट्यात आपटा सोडून सगळं

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट आठवतोय ना? अमरीश पुरी काजोलचा हात सोडतो, ती धावत्या गाडीमागे पळत सुटते, आणि शाहरुख दारातून हात पुढे करून तिला वर ओढून घेतो. १९९५ साली अख्ख्या देशाने जे स्टेशन पंजाबातलं समजून डोळे पुसले, ते आपलं आपटा. पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात की सोमटणे, रसायनी आणि मग आपटा. एका बाजूला डोंगर, जवळच पाताळगंगा, आणि गाडी गेली की चिडीचूप. पंजाबशी काडीचाही संबंध नाही.

सिनेमावाल्यांचं एक बरं असतं. शूटिंग संपलं की ते पाट्या काढतात, सामान गाडीत भरतात आणि निघून जातात. आपटा पुन्हा आपटा होतं. पण गेल्या काही वर्षांत आपल्यासारखी जी मंडळी (होय, आपल्यासारखीच: लॅपटॉपवाली, वीकांताला 'जरा शहरापासून लांब' जाणारी) पनवेल, रसायनी, आपटा, कर्जत पट्ट्यात प्लॉट घेताहेत, ती आपट्याला बाली करतायत, मायामी करतायत, आणि तो सेट उतरवायला कोणी येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि या पट्ट्यातल्या प्लॉटिंगच्या होर्डिंगांना नुसता ऊत आलाय. माझ्याही हापिसातल्या एका मित्राने पाच गुंठे घेतलेत. मागच्या महिन्यात त्याने मला लँडस्केपवाल्याने दिलेला प्लॅन दाखवला. का, तर मी झाडांवरून कटकट करतो हे सगळ्या टीमला माहीत आहे. म्हणाला, "बघ रे, काहीतरी हटके करायचंय. एव्हरग्रीन पाहिजे, लो मेंटेनन्स पाहिजे, आणि आल्याआल्या वॉव वाटलं पाहिजे."

प्लॅन उघडला. गेटच्या दोन्ही अंगांना फॉक्सटेल पाम. कंपाउंडला उंच सरळसोट अशोक. आत पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण, त्याला दर पंधरा दिवसांनी कात्री. मधे मेक्सिकन लॉन. पूलच्या बाजूला ट्रॅव्हलर्स पाम आणि पांढऱ्या फुलांचा तो बुटका चाफा. उतारावर वेडेलिया. आणि कोपऱ्यात एक 'ख्रिसमस ट्री'.

हटके? पनवेल सोडून कर्जतपर्यंत कुठल्याही गेटसमोर गाडी थांबवा, हेच दिसेल. पुण्याकडे मुळशीत हेच. अलिबागला हेच. हायवेवरच्या फूडमॉलच्या पार्किंगात हेच. डिफॉल्ट टेम्प्लेट उचलायचं, फक्त लोगो बदलायचा, आणि त्याला 'बिस्पोक' म्हणायचं, हा प्रकार आपल्या धंद्यात आपण रोज बघतो. क्लायंटला कळत नाही म्हणून तो खपतो. इथे क्लायंट आपण आहोत.

त्या फॉक्सटेल पामची गोष्ट मात्र मला फार आवडते, म्हणून सांगतो. हा पाम मूळचा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात उत्तरेच्या टोकाकडे असलेल्या केप मेलव्हिलच्या खडकाळ टेकड्यांतला. जगात बाकी कुठेच नाही. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची रीतसर नोंद झाली ती १९८३ साली, म्हणजे तोवर तिथल्या आदिवासींखेरीज तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता. त्याचं शास्त्रीय नाव वोडयेटिया. वोडयेटी हा तिथला एक आदिवासी माणूस, आपल्या वंशातला शेवटचा, ज्याच्याकडे त्या झाडाची परंपरागत माहिती होती. तो १९७८ मध्ये वारला आणि शास्त्रज्ञांनी झाडाला त्याचं नाव दिलं. पुढे नव्वदच्या दशकात या पामच्या बियांची इतकी चोरी झाली की ऑस्ट्रेलियात त्यावरून राजकीय गदारोळ उठला. म्हणजे बघा, जगाच्या एका कोपऱ्यातलं, एका जमातीचं, खरोखर हटके असलेलं झाड. आणि आज ते आपल्याकडे ट्रकमधून येतं, गेटला दोन उभे केले जातात, आणि तो 'आल्याआल्या वॉव' होतो. एखादी गोष्ट जिथली तिथेच हटके असते. सगळीकडे लावली की ती विजेच्या खांबाइतकीच हटके राहते.

आता आपट्यात काय हटके आहे? अहो, गावाचंच नाव झाडाचं आहे! मित्राला विचारलं, "तुझ्या प्लॉटवर आपट्याचं झाड आहे का?" तो म्हणाला, "म्हणजे ते दसऱ्याचं?" हो, तेच ते दसऱ्याचं. आपलं आणि त्याचं नातं वर्षातून एक दिवसाचं, आणि तेही बऱ्याचदा चुकीच्या झाडाशी, कारण बाजारात आपटा म्हणून जे मोठ्या पानांचे भारेच्या भारे येतात त्यात कांचन खूप असतो. खऱ्या आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, जाडसर, करड्या झाकेचं हिरवं. झाड बुटकं, खोड वेडंवाकडं, फांद्या खाली झुकलेल्या. लोक बोन्साय करायला वर्षंच्या वर्षं तार गुंडाळून बसतात तो आकार आपट्याला उपजतच असतो. सालीचा दोर होतो, पानांच्या विड्या वळतात, गुरं पाला खातात. मुरमाड जमिनीत, टँकरशिवाय, स्वतःच्या हिमतीवर उभं राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडे दिवस पानं गाळतं, एवढाच त्याचा गुन्हा. कारण आपल्याला 'एव्हरग्रीन' हवंय.

या एव्हरग्रीनचंही एकदा बोलूनच टाकतो. जिथे चार महिने बर्फ पडतो, सगळी झाडं काड्यांसारखी होतात, तिथल्या माणसाला हिवाळ्यात खिडकीबाहेर काहीतरी हिरवं दिसावं असं वाटणं साहजिक आहे. तिथल्या बागकामाच्या पुस्तकांत म्हणूनच पानापानावर सदाहरित झाडं. तिथली गरज आपण तशीच्या तशी उचलली. आपल्याकडे झाडं पानं गाळतात ती साधारण जानेवारी ते मार्च, आणि नेमक्या त्याच वेळी पळस, पांगारा आणि काटेसावर अंगावर पान नसताना लालभडक फुलतात. मार्चमध्ये कर्नाळ्याच्या बाजूला गेलात तर कोशिंबाकडे बघा. जुनी पानं गळतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत झाड नव्या पालवीने लाल होतं, फुलं आलीत की काय असं वाटावं इतकं. हे बघायला लोक जपानला आणि कॅनडाला तिकिटं काढून जातात! आपण ते झाड तोडून तिथे बारा महिने सारखंच दिसणारं काहीतरी लावतो आणि मग इन्स्टाग्रामवर 'फॉल कलर्स'ना लाइक करतो.

बरं, मान्य. एव्हरग्रीनच पाहिजे. घराच्या पश्चिमेला सावली हवी, शेजाऱ्याची खिडकी झाकायची आहे, कारणं खरी असतात. मग कोकणाएवढं श्रीमंत दुकान शोधून सापडणार नाही.

त्या कोपऱ्यातल्या ख्रिसमस ट्रीपासून सुरुवात करू. कोकमाचं झाड कधी नीट पाहिलंय? आमसूल नाही, झाड. गर्द हिरवं, बुंध्याशी रुंद आणि शेंड्याला निमुळतं, फांद्या खाली लोंबणाऱ्या, नवी पालवी तांबूस. डिसेंबरात त्यावर दिवे लावा, सांताक्लॉजलाही फरक कळणार नाही :-) वर एप्रिल-मेमध्ये रातांबे. हे झाड पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं, कोकण-गोव्याचं खास. आणि आपण त्या जागी ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटावरचं झाड लावतो.

मग बकुळ. सावली दाट, पानं चकचकीत, फुलं सुकली तरी वास जात नाही. सीताअशोक, म्हणजे खरा अशोक, ज्याच्या फांदीवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. सुरंगी, जिच्या वळेसरांसाठी वेंगुर्ल्याकडच्या बायका वर्षभर वाट बघतात. नागकेशर, पालवी लालचुटुक आणि फूल पांढरंशुभ्र, मधे पिवळाधमक झुबका. उंडी. आणि माझी लाडकी अंजनी. माथेरान-महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाने ही पाहिलेली असते आणि नाव कोणालाच माहीत नसतं. छोटं सदाहरित झाड, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांची अशी गर्दी होते की जणू शाईची बाटली सांडली. निळी फुलं देणारं झाड! लँडस्केपवाल्यांच्या कॅटलॉगमध्ये निळ्या रंगाखाली पानभर परदेशी नावं असतात, अंजनी नसते.

कुंपणाला ड्युरांटाच कशाला? त्याची ती पिवळी गोंडस फळं विषारी असतात, हे लहान मुलं घरात असलेल्यांनी तरी लक्षात ठेवा. करवंद लावा. बारा महिने हिरवं, पांढरी सुवासिक फुलं, मे महिन्यात करवंदं, आणि काटे असे की वॉचमनचा पगार वाचेल. काटे नको असतील तर अडुळसा, गुरं तोंड लावत नाहीत. किंवा कुंती, कात्री मारून हवी तशी कापा.

प्लॅनमध्ये एक 'फिशटेल पाम'ही होता, ते सांगायचं राहिलं. त्यावर मित्र म्हणाला, "हा तरी इम्पोर्टेड असू दे रे." म्हटलं, अरे बाबा, इम्पोर्टेड कसला, हा तर आपला भेरली माड! सह्याद्रीत आपसूक वाढतो, कोकणात लग्नकार्याच्या मांडवाला त्याच्या झावळ्या बांधतात, माडी काढतात. (फक्त फळांना हात लावू नका, भयंकर खाजतं.) इंग्रजी नावाची पाटी लावली की आपलाच माड आपल्याला परदेशी वाटतो आणि त्याचे जास्त पैसे द्यायला आपण तयार होतो. याउलट ज्याला आपण अरेका पाम म्हणतो, तो मादागास्करचा. खरी अरेका म्हणजे आपली सुपारी, तीच ती श्रीवर्धनची. गुलमोहर मादागास्करचा, ट्रॅव्हलर्स पामही तिथलाच. अर्धं मादागास्कर आपण रायगडात आणून लावलंय, आणि रायगडातलं काय लावलं म्हणाल, तर शून्य.

आता पाणी. इथे मला थोडं चिडायची परवानगी द्या.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने कोरडे. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. आता साधं गणित. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर ५ मिलिमीटर म्हणजे रोज ५०० लिटर. मित्राच्या पाच गुंठ्यांत घर, पूल, पार्किंग जाऊन दोन गुंठे लॉन. रोज १००० लिटर. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये (सुरुवात २०१९) खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असा निकष आहे. म्हणजे त्याचं लॉन रोज १८ माणसांचं पाणी पिणार. पन्नास प्लॉटची स्कीम असेल तर ९०० माणसांचं. एका लहानशा गावाचं. आणि तो स्वतः तिथे जाणार महिन्यातून दोन वीकांत!

हिवाळ्यात थोडं कमी लागतं, धरा. तरी ऑक्टोबर ते मे मिळून दहा हजार लिटरचे पंधरा-वीस टँकर होतात. हे पाणी बोअरमधून येतं, आणि बोअरचं पाणी प्लॉटच्या हद्दीत राहत नाही, ते शेजारच्या वाडीच्या विहिरीतलंच असतं. 'लो मेंटेनन्स' शब्दाचा अर्थ आपल्याकडे एवढाच की मेंटेनन्स दुसऱ्या कोणीतरी करायचा. लॉन हे एकरकमी खरेदीचं प्रकरण नाही, ते सबस्क्रिप्शन आहे: पाणी, खत, कापणी, तण काढणे, वाळवी, पुन्हा पाणी. आणि बिल अर्धं आपण भरतो, अर्धं वाडीवरची बाई हंडा घेऊन भरते.

दुसरा मुद्दा पळून जाणाऱ्या झाडांचा. 'शोभेचं झाड' ऐकायला निरुपद्रवी वाटतं. टणटणी (घाणेरी म्हणा हवं तर) शोभेचीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कौतुकाने बागेत लावली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतात जिथे वाघ आहेत त्या प्रदेशातल्या ४० टक्क्यांहून जास्त जंगलात ती पसरल्याचं दिसलं. जलपर्णी पण तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीच बंगालमध्ये आणली होती. आज कल्याणला उल्हास नदी आणि पुण्यात मुळा-मुठा बघा, यंत्रं लावून उपसतात. आणि आता तो उतारावरचा पिवळ्या फुलांचा वेडेलिया. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे, तिच्यात टणटणी आहे, जलपर्णी आहे आणि हा वेडेलियाही आहे. पहिल्या दोघांनी काय केलं ते समोर दिसत असताना तिसरा आपण पैसे देऊन लावतोय, तोही कर्नाळा अभयारण्यापासून हाकेच्या अंतरावर. कोनोकार्पसचं असंच. झटपट वाढतो, हिरवागार राहतो, म्हणून शहराशहरांत लावला. मग गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

इथे कोणीतरी म्हणणारच, आला हा देशीवाला. तर तसं नाही. मला झाडांचा पासपोर्ट तपासायचा नाही. प्रत्येक देवळासमोरचा देवचाफा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच. काजू पोर्तुगीजांनी आणला. मिरची, बटाटा, पेरू, चिकू... ही यादी काढली तर उपासाला खायला काही उरणार नाही. चाफा चारशे वर्षं इथे आहे आणि त्याने कोणाच्या पोटावर पाय दिलेला नाही. तो राहू दे. आणि याच्या उलटही आहे. ज्या सरळसोट अशोकाला मी नावं ठेवतोय तो दक्षिण भारत-श्रीलंकेकडचाच आहे, आणि 'टेल्ड जे' नावाच्या हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. त्याचा दोष एवढाच की आपण त्याला झाड म्हणून लावत नाही, भिंत म्हणून लावतो.

माझा प्रश्न साधा आहे: हे झाड इथे काही काम करतं का, की नुसतं उभं राहतं? अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात घरांच्या बागांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. चिकाडी नावाचा एक चिमुकला पक्षी. एका वेळची पिल्लं मोठी करायला त्याला हजारो अळ्या लागतात, आणि त्या अळ्या बहुतेक स्थानिक झाडांवरच असतात. ज्या बागांमध्ये स्थानिक वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला, तिथे त्या पक्ष्यांची संख्या टिकत नव्हती. बागा हिरव्यागार होत्या बरं का! पण पक्ष्याच्या लेखी ते प्लॅस्टिक. आता ७० टक्के म्हणजे १०० टक्के नव्हे. तीस टक्क्यांत तुमचा चाफा, गुलाब, बोगनवेल सगळं बसतं. एवढी सूट असताना आपण शंभरच्या शंभर टक्के प्लॅस्टिक निवडतो, याची मला चीड आहे.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याच्या अळ्यांना लिंबाच्या कुळातली पानं लागतात. पाच गुंठ्यांत दोन लिंबं, एक माकडलिंबू लावायला किती जागा लागते? राज्यपक्षी हरियाल, तो उंबर-वड-पिंपळाच्या फळांवर जगतो. वड घरापाशी नको, कबूल, पाया उखडेल. पण स्कीमच्या सामाईक जागेत, जिथे 'झेन गार्डन' नावाचे पांढरे गोटे पसरलेले असतात, तिथे एक उंबर लावायला काय हरकत आहे?

नेहमीच्या हरकती मला पाठ आहेत. पाला पडतो, कचरा होतो. होऊ दे की, बुंध्याशी पसरा, पाणी निम्मं लागेल. साप येतात. साप उंदरांमागे येतात, आणि उंदीर आपल्या वीकांताच्या बार्बेक्यूच्या उष्ट्यावर. वाढायला वेळ लागतो. बकुळ, सीताअशोक सावकाश वाढतात हे खरं. मग सोबतीला कदंब किंवा करंज लावा, ते भराभर वाढतात, तोवर बकुळ तयार होते. घराचं कर्ज वीस वर्षांचं घेताना आपल्याला वेळ लागल्याचं दुःख होत नाही, बकुळीला आठ-दहा वर्षं म्हटलं की लगेच होतं. देशी झाडं दिसायला गावठी वाटतात, ही हरकत मात्र मनातली, तोंडावर कोणी आणत नाही. खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. गावात जागा घ्यायची, पण गावासारखं काही दिसता कामा नये.

मित्राचा प्लॉट बघायला त्याच्याबरोबर गेलो होतो. जमीन सपाट करणं चालू होतं. जेसीबीने मोठं काम उरकलं होतं आणि उरलेली झुडपं उपटायला वाडीवरच्या तीन-चार कातकरी बायका लावल्या होत्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग, ऐन, आंबा, फणस, मोह अशा झाडांना हात लावायला परवानगी लागते. झुडपांना कोण विचारतो? एक मावशी पांढऱ्या फुलांचं रोपटं उपटत होत्या. विचारलं, मावशी, काय आहे हे? "कुडा हाय. फुलांची भाजी करतात, पोटाला चांगली." मग न विचारताच बाजूचं दाखवलं, ही अमुक, ही तमुक, याचा पाला तापावर. आणि एका कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं शेवळं येत व्हती. आता कुठली येनार." जूनच्या पहिल्या पावसात पनवेलच्या बाजारात शेवळाच्या जुड्या विकायला आदिवासी बायका बसतात, सोबत काकडाची हिरवी फळं, कारण त्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. शेवळाचा कंद जमिनीत असतो. जमीन दोन फूट खरवडून वर लाल माती आणून टाकली आणि त्यावर लॉनचे गालिचे अंथरले, की संपलं.

कातकरी हे नावसुद्धा कातावरून आलंय, कात काढणारे ते कातकरी, आणि कात निघतो खैराच्या झाडातून. झाडाचं नाव लावणारं गाव, झाडावरून नाव पडलेली माणसं. आणि आपण त्या माणसांना रोजावर ठेवून त्यांच्याकडून त्यांची झाडं उपटून घेतोय, आणि ऑस्ट्रेलियातल्या शेवटच्या जाणकाराचं नाव दिलेला पाम तिथे लावतोय. मित्राला वोडयेटीची गोष्ट मी तिथेच सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण बुकिंग अमाउंट दिलीय रे पामची."

असो. पाम दोन राहिलेत. बाकीच्या प्लॅनवर आम्ही दोन रविवार बसलो. लॉन दोन गुंठ्यांवरून पोरांना खेळण्यापुरतं आलं. वेडेलिया गेला. ड्युरांटाच्या जागी करवंद आणि कुंती. पश्चिमेला बकूळ, सीताअशोक आणि दोन कोकम. गेटच्या आत, जिथून गाडी वळते, तिथे आपटा. सामान्य नर्सरीत हे सगळं मिळत नाही, हे लँडस्केपवाल्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. रस्त्याकडेच्या चकाचक नर्सरीत नाही मिळत. वनखात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत विचारा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारा. मागणी आली की चकाचकवालेही ठेवतील, त्यांचं काही आपट्याशी वैर नाही. आणि झाड ओळखता येत नसेल तर श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' घ्या. तेही मुळात इंजिनिअरच. तेव्हा 'आपला विषय नाही' ही सबब आपल्या जातभाईंना चालणार नाही.

खड्डे मे महिन्यातच खणून ठेवा, ऊन खाऊ द्या. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती बसली की रोपं लावा, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मुळं धरतात. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, त्यात सुटका नाही. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बी लावलंत तर सहा-सात वर्षांनी कळतं की घरात नर आलाय. तेव्हा कलमच घ्या. दापोलीची 'कोकण अमृता' किंवा 'कोकण हातीस' मिळाली तर उत्तम. आणि आपट्याचं रोप घेताना पान नीट बघा. तळहाताएवढं असेल तर तो कांचन आहे, परत करा.